ज्याला खोटं बोलता येत नाही, त्याचा आवाज

माझा चेहरा कुणी ओळखत नाही. त्यात लोकांचा दोष नाही, चेहऱ्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाहीच. पण टॅक्सीत बसून मी "पोर्तालेसच्या बाजाराशी सोडा" एवढं म्हटलं, की ड्रायव्हर आरशातून डोळे विस्फारून बघतो. "उझ्झेन! तुम्ही उझ्झेन ना?" मग मागे वळून नीट बघतो आणि त्याचा चेहरा पडतो. त्याला वाटलेलं असतं, निदान उंच तरी असेन.

उझ्झेन हा 'नवव्या सूर्याचं बंदर' या मालिकेतला राजदूत. मालिका तिकडची, सीमेपलीकडच्या अमेरिकनांची. अंतराळात एक बंदर तरंगत असतं, तिथे सगळ्या ग्रहांचे वकील जमतात, भांडतात, तह करतात. उझ्झेनच्या जमातीच्या भाषेत 'खोटं' या अर्थाचा शब्दच नाही. त्यामुळे तो जे आहे ते तोंडावर सांगतो, आणि त्याने सांगितलं की कुठेतरी युद्ध पेटतं. मग कप्तान मेरिक नावाचा साखरेत घोळलेला माणूस येतो आणि निस्तरत बसतो. आमच्या मेक्सिको शहरात ही मालिका दुपारी जेवणाच्या वेळेला स्पॅनिशमध्ये लागायची, आणि उझ्झेनला आवाज माझा होता.

म्हणजे विश्वातल्या सर्वांत खऱ्या प्राण्याचा आवाज फिदेन्सियो बार्राहानचा. आणि या फिदेन्सियोला आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलेलं नाही. मेहुणीने मोलेचा रस्सा करपवला, तर मी दुसऱ्यांदा मागून घेतो. शेजाऱ्याने विचारलं, "आमचं पोरगं ट्रम्पेट कसं वाजवतं?" मी म्हटलं, "देवाची देणगी आहे!" तेव्हापासून ती देणगी रोज माझ्या खिडकीखाली वाजते.

कप्तान मेरिकचा आवाज लेओबार्दोचा. तो माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या मुलीचा धर्मपिता. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं. धरलं, निरखून पाहिलं आणि भर चर्चमध्ये म्हणाला, "कान तुझ्यावर गेलेत रे. बिचारी!" असा हा माणूस स्टुडिओत उभा राहून "महाराज, आपण दोघेही आपापल्या परीने बरोबर आहात" असली वाक्यं मधासारख्या आवाजात म्हणायचा, आणि मी, शेजारच्या माइकसमोर, "तुम्ही भित्रे आहात, आणि तुमच्या अंगाला वास येतो" म्हणायचो. काम झालं की आम्ही आपापल्या मूळ स्वभावावर यायचो.

काचेपलीकडे दोन्या एर्मेलिंदा बसायच्या. डबिंगच्या दिग्दर्शिका, म्हणून सगळे आदराने 'दोन्या' म्हणायचे. मांडीवर विणकाम, नजर टाक्यांवर आणि कान आमच्यावर. एके दिवशी राणीचा भाग आला. तो भाग पुढे बराच गाजला, म्हणून सांगतो.

तोरिम ग्रहाची म्हातारी राणी मरणशय्येवर आहे. तिने तहावर सही केली तर युद्ध थांबणार. पण तिचे डोळे दाराकडे. तिचा मुलगा आरमाराचा सेनापती, तो येईल आणि मग सही करीन, असं तिचं म्हणणं. मुलगा तर आरमार सोडून पळालेला. कप्तान उझ्झेनला विनवतो, "सही होईपर्यंत गप्प राहा, हजारो जीव वाचतील." आणि राणी नेमकं उझ्झेनलाच विचारते, कारण तो खोटं बोलणार नाही हे तिला ठाऊक असतं. मूळ इंग्रजीत तो म्हणतो, "तुझा मुलगा पळाला. तो येणार नाही." राणी लेखणी खाली ठेवते आणि मरते.

मी वाक्य म्हटलं. विणकाम थांबलं.

"मरणाऱ्या बाईशी असं बोलतात?" दोन्या एर्मेलिंदा काचेपलीकडून म्हणाल्या. "ह्याला आई नव्हती?"

"तो अंड्यातून जन्मलाय, दोन्या," लेओबार्दो म्हणाला.

"मग ते अंडं काय झाडाला लागलं होतं? दुपारची वेळ आहे, घरोघरी आया जेवायला वाढत असतात. असलं वाक्य माझ्या हातून जायचं नाही. फिदेन्सियो, असं म्हण: 'तुमचा मुलगा जिवंत आहे, महाराणी. पण फार फार दूर आहे.'"

"ही फसवणूक आहे," लेओबार्दो म्हणाला.

"कुठला शब्द खोटा आहे? पळालेला माणूस दूरच असतो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेओबार्दोला म्हटलं, "बरोबर आहे तुझं." दोन्या एर्मेलिंदांना म्हटलं, "तुमचंही बरोबरच आहे." आणि वाक्य त्यांच्या मनासारखं म्हटलं, कारण चहाच्या सुट्टीत गोड पाव त्यांच्या घरून यायचे. उझ्झेनचं तोंड रबराचं होतं, त्यात कुठलंही वाक्य बसायचं.

बरीच वर्षं गेली. दोन्या एर्मेलिंदा वारल्या. मालिका जुनी झाली आणि जुनी झाली म्हणून लोकांना नव्याने आवडू लागली. कुणीतरी मूळ इंग्रजी आवाजातले भाग खाली अक्षरं देऊन आणले, आणि मग भांडण लागलं. राणीला उझ्झेनने नेमकं काय सांगितलं? चाहत्यांचे दोन तट पडले. 'मूळवाले' म्हणायचे, आम्हाला लहानपणी फसवलं, उझ्झेनचा कणाच मोडला. 'आवाजवाले' म्हणायचे, आमचा उझ्झेन खराही आहे आणि त्याला रीतभातही आहे, तुमचा नुसता रानटी. मूळवाल्यांची पुढारी ओतिलिया, दातांची डॉक्टर. आवाजवाल्यांची पुढारी तोमासा, लग्नाचे केक करणारी. दोघी सख्ख्या बहिणी. एकमेकींशी बोलत नव्हत्या. लोक हसायचे, की बघा, एका मालिकेपायी बहिणींनी बोलणं टाकलं. मीही हसायचो.

मग चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. जागा एका जुन्या थिएटरची, आणि पाहुणा मूळ उझ्झेन, ड्वेन हॅसकेट. तो विमानातून उतरला तेव्हा मी फुलं घेऊन उभा होतो. एक म्हातारा, कानात यंत्र, पायात मऊ चपला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लेओबार्दोला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, आवाज देणारा माणूस कुठाय."

दुभाष्याचा प्रश्न होता. लेओबार्दो सीमेवरच्या लारेडोत वाढलेला, त्याला इंग्रजी पाण्यासारखं येतं. मला 'थँक यू'च्या पुढे जाता येत नाही. पण लोकांना हॅसकेटची उत्तरं उझ्झेनच्याच आवाजात हवी होती. तेव्हा ठरलं असं की हॅसकेट बोलणार, लेओबार्दो माझ्या कानात स्पॅनिशमध्ये सांगणार आणि मी ते माइकवर म्हणणार. कागदावर ही व्यवस्था चोख दिसत होती. उगमाशी फटकळ माणूस, मध्ये त्याहून फटकळ माणूस आणि शेवटी मी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिलाच एक गुबगुबीत गृहस्थ मंचावर आला. अंगभर शेंदरी रंग फासलेला, डोक्यावर अंड्यांच्या पुठ्ठ्याचा मुकुट. महिनाभर खपून त्याने उझ्झेनचा वेश केला होता. "कसा दिसतो मी, राजदूत?"

हॅसकेट पुटपुटला. लेओबार्दो कानात म्हणाला, "म्हणतोय, उकडलेला खेकडा."

मी माइक ओढला आणि खर्जात म्हणालो, "माझ्या ग्रहाने तुला आपलं म्हटलं असतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गृहस्थ रडू लागला, रंग ओघळला. "अरे लेका, हे काय चाललंय?" लेओबार्दोने मला कोपराने ढोसलं. "खेकडा म्हणाला तो!" मी म्हटलं, "खेकड्यांचा ग्रह असेल एखादा."

असं तासभर चाललं. तो म्हणाला, मेकअपमुळे कातडी सोलवटायची, मी म्हटलं, कलेसाठी सोसावं लागतं. तो म्हणाला, कप्तानाचं काम करणारा माणूस कंजूष होता, मी म्हटलं, तो माझा भाऊ होता. मला रंग चढत गेला. मुळात जे नव्हतं तेही मी आपल्या पदरचं घालू लागलो. खरं सांगायचं तर इतकं छान खोटं मी आजवर बोललो नव्हतो, आणि तेही खोटं न बोलणाऱ्याच्या आवाजात.

मग ओतिलिया उभी राहिली. काळे कपडे, हातात माइक. तिने प्रश्न आधी इंग्रजीत विचारला आणि मग आमच्यासाठी स्पॅनिशमध्ये. "राणीला खरं सांगताना तुमच्या मनात काय होतं? उझ्झेनने केलं ते बरोबर होतं ना?"

हॅसकेटने बराच वेळ कपाळ चोळलं.

"म्हणतोय, कुठली राणी?" लेओबार्दो कुजबुजला. "डोक्यावर रबर असायचं, ऐकू काही यायचं नाही. लिहिलेलं बोलायचो आणि जेवण कधी येतंय ते बघायचो. काही आठवत नाही."

एवढे लोक. दोन तट. इतक्या वर्षांचं भांडण. माझ्याच्याने ते म्हणवेना. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "त्या दिवशी मला माझी आई आठवली. वाटलं, सत्य हे पांघरूण आहे. ते फेकून मारायचं नसतं, घालायचं असतं."

आवाजवाल्यांनी जल्लोष केला. तोमासा खुर्चीवर चढून टाळ्या पिटू लागली.

"तो असं म्हणालाच नाही!" ओतिलिया ओरडली. "त्याला राणीच आठवत नाही! मला इंग्रजी येतं, माएस्त्रो! तो म्हणाला, जेवणाची वाट बघत होतो!"

माझे कान तापले. हे कान आधीच मोठे, तापल्यावर ते शेवटच्या रांगेतूनही दिसत असणार.

"राहू दे ना!" तोमासा खुर्चीवरूनच म्हणाली. "हे जास्त सुंदर आहे!"

"तुला सुंदर हवं असतं. खरं कधी हवं होतं?"

"आणि तुझ्या खऱ्याने काय केलं गं? आईला मारलं तुझ्या खऱ्याने!"

कुणी हसलं नाही. तोमासाच्या हातात माइक नव्हता, पण थिएटर जुनं, आवाज घुमणारं. "आपला भाऊ येतोय, रामिरो नाताळला येतोय, एवढं ऐकून ती जगत होती. तू जाऊन तिला सांगितलंस, तुझ्या मुलाने शिकागोत संसार थाटलाय, पोरं झालीत, तो येणार नाही. डिसेंबरात सांगितलंस, फेब्रुवारीत ती गेली."

"आणि तू?" ओतिलियाचा आवाज फाटला. "त्याचा फोन आला म्हणून खोटं सांगायचीस. दर नाताळला ती नवं झंपर घालून दाराशी बसायची. खुर्ची दाराशी! मी तिला रात्री तिथून उचलून आत नेत होते, तू नाही."

तेव्हा मला कळलं, की हे भांडण उझ्झेनचं नव्हतंच. त्या दोघी आणि त्यांची आई दुपारी एकत्र बसून ही मालिका बघायच्या, आणि घरातलं जे बोलता येईना ते त्यांनी पुढे राणीच्या नावावर बोलून घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी लेओबार्दोकडे बघितलं.

हॅसकेटने त्याची बाही ओढली. काय झालं म्हणून विचारलं. लेओबार्दोने सगळं सांगितलं, आणि तो काही गाळणारा माणूस नव्हे. म्हाताऱ्याने कानातलं यंत्र नीट बसवून ऐकलं. मग ओतिलियाकडे बघून थोडंसं बोलला. तिला त्याचं इंग्रजी कळत होतं, पण ती माझ्याकडेच बघत राहिली.

"म्हणतोय," लेओबार्दो कानात म्हणाला, "हे ऐकल्यावर आई काय म्हणाली, ते विचार."

माझ्या डोक्यात तीन गोंडस वाक्यं तयार होती. मी ती गिळली. "तो विचारतोय, हे ऐकल्यावर तुमची आई काय म्हणाली?" आवाज उझ्झेनचा लागलाच नाही, माझाच लागला, किरटा.

ओतिलियाने माइक खाली केला, परत वर घेतला. "म्हणाली, 'मग टर्की नको आणूस. आपल्या तिघींना कोंबडी पुरे.'"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

तोमासा हळूहळू खुर्चीवरून उतरली. "म्हणून कोंबडी होती त्या वर्षी? तू तर मला म्हणालीस, बाजारातल्या टर्की संपल्या."

"म्हणाले."

"म्हणजे तू खोटं बोललीस."

"टर्कीबद्दल."

"म्हणजे हीसुद्धा खोटं बोलते!" लेओबार्दो मोठ्याने म्हणाला, आणि नेमका माझ्या माइकमध्ये. सगळं थिएटर हसलं. तोमासाही हसली, मग तोंडावर हात धरून रडायला लागली. "आणि माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काही म्हणाली आई?"

ओतिलियाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "नाही. तुझ्याबद्दल काही नाही."

खोटं. मी ते तिथल्या तिथे ओळखलं. आयुष्यभर एकाच धंद्यात असलेल्या माणसाला दुसऱ्याचा माल ओळखू येतो. पण मी काही म्हणायच्या आत हॅसकेट उठून उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला. लेओबार्दोने ते सांगितलं. मला आता खऱ्याची झिंग चढली होती. काय म्हणतोय याचा विचार न करता मी पूर्ण खर्जात, राजदूताच्या थाटात, म्हणालो, "मला लघवीला जायचं आहे."

इतक्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नाहीत. दोन्ही तट उभे राहिले.

संमेलन आटोपल्यावर मी बाहेर मक्याच्या कणसांच्या गाडीशी उभा होतो. ओतिलिया शेजारी येऊन उभी राहिली. तिने कणीस घेतलं, पण खाल्लं नाही.

"माएस्त्रो, तुम्हाला कळलं ना? मी आत खोटं बोलले ते."

"मला? छे! कुठे?" मी म्हणालो. सवय जात नाही.

"आई तोमासाबद्दल बोलली होती. म्हणाली, 'मला कधीचं ठाऊक आहे. पण तोमासा रामिरोच्या फोनचं इतकं मन लावून सांगते, तिला थांबवणं माझ्या जिवावर येतं. तू तिला कळू देऊ नकोस.' एवढी वर्षं मी कळू दिलं नाही. ती मला आईची मारेकरीण म्हणत राहिली, तरी नाही. आज मात्र वाटतंय, सांगावं. तुम्ही काय म्हणता?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. लेओबार्दो असता तर त्याच्या गळ्यात टाकलं असतं, पण तो पाहुण्याबरोबर हॉटेलवर गेला होता. मी नेहमीचं वाक्य तोंडात आणलं, की तुमचंही बरोबर आणि त्यांचंही. आणि ते बाहेर पडेना. ही बाई समोर उभी होती, हातातलं कणीस थंड होत होतं. तिला दोन्ही बाजूंचं नको होतं, एका बाजूचं हवं होतं.

"नका सांगू," मी म्हणालो. "आपण आईला फसवत होतो आणि आई उगाच ऐकून घेत होती, हे कळलं तर ती मोडेल. शिवाय आईने तुमच्याकडून शब्द घेतला होता. नका सांगू. हे माझं स्पष्ट मत आहे."

माझं स्पष्ट मत! घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि ऐकून झाल्यावर नुसती बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

पुढच्या वर्षी संमेलनात दोघी एकत्र आल्या. तोमासाने केक आणला होता, उझ्झेनच्या डोक्याच्या आकाराचा, शेंदरी. ओतिलिया सगळ्यांना सांगत होती की त्यात साखर फार आहे आणि दातांची वाट लागेल, आणि तोमासा तिला गप्प बस म्हणत होती. तट तसेच होते, राणीवरून भांडण तसंच होतं. पण या दोघी आता ते एका टेबलाशी बसून भांडत होत्या.

मला पाहताच तोमासा तडक आली. हातात केक कापायची सुरी होती, मी एक पाऊल मागे सरलो.

"तुम्ही म्हणालात हिला, सांगू नको म्हणून?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे, मी असं म्हणालो, की एका दृष्टीने..."

"त्याच संध्याकाळी घरी परतताना बसमध्ये सांगितलं हिने. मी आठवडाभर बोलले नाही. आणि मग नीट झोपले, माएस्त्रो. किती वर्षांनी. मी आईला फसवलं, ती माझ्यावर विश्वास ठेवून दाराशी बसत राहिली, हे ओझं होतं माझ्यावर. ती फसलीच नव्हती! ती बसून माझं ऐकत होती, आणि तिला आवडत होतं. आणि तुम्ही म्हणालात, सांगू नको! तुम्हाला कळतं तरी काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "मला काहीच कळत नाही, बाई."

"हे मात्र खरं बोललात," ती म्हणाली, आणि केकचा मोठा तुकडा माझ्या ताटलीत घातला.

लेओबार्दो शेजारी उभा राहून हे सगळं ऐकत होता. तो पोट धरधरून हसला. "कोंपाद्रे, जन्मात पहिल्यांदा सरळ मत दिलंस, आणि तेही चुकीचं!"

मी केक खाल्ला. साखर खरंच फार होती. तोमासाने विचारलं, "कसा झालाय?"

मी म्हणालो, "अजून एक द्या."